लिमातली पहिली भेट ते पहिली ऑर्डर: पेरूमध्ये व्यवहार करतानाचा क्रम

“मीटिंग झकास झाली, हो म्हणाले, जेवायलाही घेऊन गेले. इकडे परत आलो आणि आता मेसेजला उत्तरच नाही.” पेरूला माल पाठवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या लहान-मध्यम उद्योजकांकडून दुभाषी म्हणून मी हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते. खोदून विचारलं की कळतं, माल चांगला होता, दरही वाजवी होता. चुकला होता तो क्रम. ओळख व्हायच्या आधी कोटेशन गेलं, ‘हो’चा अर्थ ऑर्डर असा लावला गेला, आणि जे कागद आधी तपासायचे ते सही झाल्यावर तपासले गेले.

पेरू आपल्याला तसा अनोळखी नाही. तिथल्या शहरांतून धावणाऱ्या तीनचाकी मोटोटॅक्सींमध्ये पुण्याच्या बजाजच्या गाड्या जागोजागी दिसतात, राजधानी लिमाच्या कापडबाजारात भारतीय सूत चालतं, आणि नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना पेरू प्रतिस्पर्धी म्हणून चांगलाच ठाऊक आहे. वाट मळलेली आहे, पण पहिल्यांदा जाणारे ठेचकाळतात त्या जागा ठरलेल्या आहेत. त्या जागांवर थांबत पुढे जाऊ.

## टप्पा १: तिकिटाआधी कॅलेंडर

२८ आणि २९ जुलै हे स्वातंत्र्यदिनाचे दिवस. त्यांना ‘फिएस्तास पात्रिआस’ म्हणतात. सुट्टी कागदावर दोन दिवसांची असली, तरी त्याच्या मागचापुढचा आठवडा धरून चला की कामाचा नाही. तसंच पंधरा डिसेंबरपासून नवं वर्ष सुरू होऊन आठवडा उलटेपर्यंत, आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा. जानेवारी-फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. लिमातले ठरवणारे लोक तेव्हा शुक्रवारी दुपारीच समुद्रकिनाऱ्याकडे निघतात. मार्च, ईस्टरनंतर जूनपर्यंत, आणि ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत हा भेटींसाठी चांगला काळ. त्यातही ३० ऑगस्ट, ८ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर या सुट्ट्या आहेत, त्या टाळा.

एक बारीक गोष्ट फार कामाची आहे. जुलै आणि डिसेंबरमध्ये नोकरदारांना कायद्याने एकेक जादा पगार द्यावा लागतो. आपल्याकडच्या दिवाळी बोनससारखाच, पण वर्षातून दोनदा. त्या दोन महिन्यांत कंपन्यांच्या हातात रोकड कमी असते. ॲडव्हान्सची मागणी नेमकी तेव्हाच पुढे केली, तर नकार मिळणारच.

वेळेचा फरक साडेदहा तासांचा, आणि तिथे घड्याळ वर्षभर तेच राहतं. लिमात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. फोनसाठी आपली संध्याकाळ साडेसात ते रात्री अकरा ही वेळ धरा. त्यानंतर ते जेवायला उठतात.

सावधान: सोमवारी सकाळी ऑफिसात बसल्या बसल्या तुम्ही मेसेज टाकता, तेव्हा तिथे रविवारची रात्र असते. सुरुवातीच्या ओळखीत हे खटकतं.

निघण्याआधी तपासा: भारतातून पेरूला थेट विमान नाही, त्यामुळे मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहा. पेरूच्या व्हिसाचे नियम नवी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून पिवळं कार्ड जवळ ठेवा. पेरू भारताच्या पीतज्वर-यादीत आहे, त्यामुळे हा प्रश्न जाताना नाही, परत येताना मुंबई विमानतळावर उभा राहतो. कार्ड नसेल तर विलगीकरणात बसावं लागू शकतं.

## टप्पा २: समोरची कंपनी खरी आहे का

हे काम घरी बसून, फुकटात आणि पाच मिनिटांत होतं, तरी बहुतेक जण करत नाहीत.

पेरूमधल्या प्रत्येक कंपनीला अकरा आकडी करनोंदणी क्रमांक असतो. त्याला ‘रुक’ म्हणतात. कंपनीचा रुक २० ने सुरू होतो, एकट्या व्यक्तीचा सहसा १० ने. ‘सुनात’ हे तिथलं कर आणि सीमाशुल्क खातं. त्यांच्या संकेतस्थळावर ‘कोन्सुल्ता रुक’ या पानावर हा क्रमांक टाका. दोन ओळी वाचायच्या: स्थितीपुढे ‘आक्तिवो’ असायला हवं आणि पत्त्याच्या स्थितीपुढे ‘आबिदो’. ‘नो आबिदो’ दिसलं, तर नोंदवलेल्या पत्त्यावर कंपनी करखात्याला सापडलेली नाही, असा त्याचा अर्थ. तिथेच थांबा. याच पानावरून कंपनीचे कायदेशीर प्रतिनिधी कोण आणि कामगार किती तेही दिसतं. पाच कंटेनर मागणाऱ्याकडे दोनच कामगार असतील, तर तो मधला दलाल आहे हे समजून बोला. दलाल असणं वाईट नाही. आपल्याला ते माहीत नसणं वाईट.

रुक मागायला संकोचू नका. आपण जीएसटी नंबर मागतो तितकंच ते साधं आहे. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

## टप्पा ३: आपले कागद

कंपनीचा परिचय दोन पानांत, स्पॅनिशमध्ये. सान इसिद्रो या लिमातल्या कंपन्यांच्या भागातल्या काचेच्या इमारतींत इंग्रजी चालतं, पण तुमचा कागद तिथून हिशेबनीस, गोदामवाला आणि कस्टम एजंट यांच्याकडे जातो, तिथे इंग्रजी संपतं. मशीन भाषांतर तसंच छापू नका. एकदा तरी स्पॅनिश येणाऱ्या माणसाच्या नजरेखालून घाला.

आकडे लिहिताना लाख-कोटी नको. आणि ‘बियोन’ हा स्पॅनिश शब्द इंग्रजी बिलियनसारखा वाटला, तरी त्याचा अर्थ एक लाख कोटी होतो. उलाढाल डॉलरमध्ये, पूर्ण आकड्यात लिहा.

कायदेशीर कागद (कंपनीचं नोंदणीपत्र, मुखत्यारपत्र) ॲपोस्टिल करून घ्या, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणशिक्का मारून घ्या. दोन्ही देश ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. स्पॅनिश भाषांतर मात्र तिथे मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच करावं लागतं, म्हणून ते लिमात करून घेणं सोयीचं.

मालानुसार तिथलं सरकारी खातं बदलतं: औषधं असतील तर ‘दिहेमिद’, प्रक्रिया केलेलं खाद्य असेल तर ‘दिहेसा’, बियाणं किंवा शेतमाल असेल तर ‘सेनासा’. नोंदणी कुणाच्या नावावर होणार, हा प्रश्न पहिल्याच पत्रव्यवहारात काढा.

सावधान: ब्रँडचं नाव ‘इन्देकोपी’ या संस्थेकडे तुमच्या स्वतःच्या नावाने नोंदवा, आणि तेही वितरक नेमण्याआधी. भारतातली नोंदणी तिथे लागू होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका उद्योजकाने हे काम ‘मदत म्हणून’ वितरकावर सोपवलं. दोन वर्षांनी वितरक बदलायची वेळ आली, तेव्हा स्वतःच्याच नावाने माल विकायला त्यांना परवानगी मागावी लागली.

## टप्पा ४: ओळख, आणि नाव घ्यायची पद्धत

अनोळखी ई-मेलला उत्तर येईल याची आशा धरू नका. मध्ये कुणीतरी हवं. लिमातला भारतीय दूतावास, व्यापारी मंडळ, आधीचा एखादा ग्राहक, प्रदर्शनात झालेली भेट, काहीही चालेल. खाणकामाशी संबंधित माल असेल, तर अरेकिपा शहरात दर दोन वर्षांनी भरणारं पेरुमिन हे अधिवेशन चुकवू नका. तिथे मिळालेलं एक कार्ड शंभर ई-मेलना भारी पडतं. ओळख झाली की गाडी व्हॉट्सॲपवर येते आणि तिथेच राहते.

आता नावं. पेरूमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. माजी राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया पेरेस यांना ‘सेन्योर गार्सिया’ म्हणायचं, ‘सेन्योर पेरेस’ नव्हे. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव या आपल्या सवयीमुळे लोक नेमके आईच्या आडनावाने हाक मारतात. बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवर) आणि बँकेच्या कागदांवर मात्र दोन्ही आडनावं हवीत.

पदवीला मान आहे. इंजिनिअरला ‘इन्हेनिएरो’, बाई असतील तर ‘इन्हेनिएरा’. वकिलांनाही ‘दोक्तोर’ किंवा ‘दोक्तोरा’ म्हणतात, तेव्हा दोक्तोरा म्हटल्यावर त्या डॉक्टर आहेत असं समजून तब्येतीचं बोलू नका. वयाने मोठ्या माणसाला ‘दोन’ किंवा ‘दोन्या’ लावून पहिलं नाव, म्हणजे आपलं ‘अण्णा’, ‘ताई’ लावण्याच्या जवळचं.

सर्वनामाचं मराठी माणसाला सोपं जातं. स्पॅनिशमध्येही ‘तू’ म्हणजे तू. उच्चार तोच, जवळीकही तीच. ‘उस्तेद’ म्हणजे आपण. सुरुवात ‘उस्तेद’ने करा आणि समोरचा स्वतःहून ‘तू’वर येईपर्यंत तिथेच राहा. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीशी नंतरही उस्तेदच शोभतं.

स्वतःची ओळख सांगताना एक शब्द जपा. ‘भारतीय’साठी शब्दकोशात ‘इंदिओ’ सापडतो. पेरूमध्ये हा शब्द डोंगराळ भागातल्या मूळनिवासी लोकांना हिणवण्यासाठी वापरला गेला आहे आणि त्याची जखम अजून ओली आहे. ‘सोय दे ला इंदिया’, मी भारतातला, एवढंच म्हणा. तुम्हाला कुणी ‘इंदू’ म्हणालं, तर ते धर्म विचारत नाहीत. भारतीय माणसाला तिथे सर्रास तसंच म्हणतात. मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध सहकारी सोबत असतील तर त्यांनाही हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन भेटीत अवघडलेपण येत नाही.

## टप्पा ५: भेटीचा दिवस

‘ओरा पेरुआना’, म्हणजे पेरूची वेळ, हा उशिरासाठीचा तिथलाच शब्द. २००७ मध्ये सरकारने वक्तशीरपणासाठी देशभर मोहीमसुद्धा चालवली होती. म्हणून परदेशी पाहुण्याने उशिरा गेलेलं चालतं असं नाही. तुमच्याकडून वेळ पाळण्याची अपेक्षा असते, आणि तुम्हाला अर्धा तास थांबावं लागलं तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

पत्त्यात जिल्ह्याचं नाव हवंच. लिमा शहर अनेक जिल्ह्यांत विभागलेलं आहे, आणि एकाच नावाचा रस्ता मिराफ्लोरेसमध्येही असतो आणि दुसऱ्या टोकालाही. टॅक्सी ॲपवरच मागवा. पंचवीस मिनिटांचं अंतर कापायला गर्दीत सव्वा तास लागतो. एका दिवसात तीन भेटी लावणारे तिसरीला पोहोचत नाहीत. दोनच ठेवा.

इमारतीच्या स्वागतकक्षात ओळखपत्र मागतात. पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स चालेल यावर विसंबू नका. नाव टिपून घेणं, वर फोन करणं, गळ्यात अडकवायचा बिल्ला देणं, यात पंधरा मिनिटं जातात. ती आधीच धरा.

खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘बुएनोस दीआस’, दुपारी बारानंतर ‘बुएनास तार्देस’. मग प्रत्येकाशी वेगळं हस्तांदोलन. कॉफी आणून देणाऱ्या बाई आणि कोपऱ्यातला कनिष्ठ सहकारीही त्यात आले. निघतानाही प्रत्येकाचा निरोप वेगळा घ्यायचा. एकदाच हात हलवून बाहेर पडणं उद्धटपणाचं दिसतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसंही एकमेकांना नमस्कार-चमत्कार करतात, तुम्हीही करा.

लिमात स्त्री-पुरुष आणि दोन स्त्रिया एकमेकांना भेटताना उजवा गाल गालाला हलकेच लावतात. पहिल्या औपचारिक भेटीत हात पुढे करणं पुरतं. समोरच्या बाईंनी गाल पुढे केला तर दचकून मागे सरू नका, आणि त्यांनी हात दिला तर हातावरच थांबा. पुढाकार त्यांचा. आपल्याकडून जाणाऱ्या महिला उद्योजकांनाही मी हेच सांगते: अवघड वाटत असेल तर हात आधीच पुढे करा, कुणाला राग येत नाही.

मान डोलावण्याची आपली सवय इथे घात करते. आपली ‘हो’वाली मान त्यांना ‘नाही’ किंवा ‘बघू’ वाटते. तोंडाने ‘सी’ म्हणा.

पहिला अर्धा तास धंद्याचा नाही. प्रवास, घर, मुलं आणि मुख्य म्हणजे जेवण यावर बोलायचं. पेरूच्या माणसाला त्याच्या देशाच्या खाण्याबद्दल विचारलं की तो खुलतो. आपल्या बटाटेवड्यातला बटाटा मुळात त्यांच्या डोंगरातला, मिरची आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आला, हे सांगून पाहा. बोलायला विषय कमी पडत नाही.

हे विषय काढू नका: चिलीशी तुलना (१८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात पेरूने प्रदेश गमावला, आणि पिस्को ही दारू कुणाची यावर आजही वाद आहे), १९८० ते २००० या काळातला हिंसाचार, आणि कुणाच्या रंगावरून किंवा डोंगरी बोलण्यावरून शेरा. राजकारण्यांवर ते स्वतः तोंडसुख घेतील. तुम्ही ऐकून घ्या, भर घालू नका.

## टप्पा ६: जेवण, म्हणजे खरी भेट

मुख्य जेवण दुपारचं, एक ते तीनच्या दरम्यान. कोण आहात, कसे आहात, दिलेला शब्द पाळाल का, हे तिथे पाहिलं जातं. “वेळ नाही, दर सांगून निघतो” म्हणणाऱ्याचा पत्ता तिथेच कट होतो. मिश्र आहारी असाल तर सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेले कच्चे मासे, दुपारीच खा. तिथले लोक तो रात्री सहसा खात नाहीत.

शाकाहारींसाठी मात्र नीट तयारी लागते, कारण इथेच सगळ्यात जास्त फजिती होते. ‘कार्ने’ म्हणजे मांस हे पुस्तकी झालं. बोलण्यात कार्ने म्हणजे बहुधा गाय-बैलाचं मांस. “नो कोमो कार्ने” म्हटलं की हसतमुखाने चिकन समोर येतं. पूर्ण वाक्य पाठ करा: “सोय वेहेतारिआनो. नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो.” मांस नाही, चिकन नाही, मासे नाही. बाई म्हणताना ‘वेहेतारिआना’. सूप विचारून घ्या, पाणी बहुतेक वेळा हाडांचं असतं. हे सगळं टेबलावर बसून सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर यजमानाला पाहुणचारात कमी पडल्यासारखं वाटतं.

पोटभर खाता येईल असं बरंच आहे. ‘पापा आ ला वांकाईना’, म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा दाट रस्सा. वर अंडं असतं, ते नको म्हणून सांगा. ‘काउसा’ म्हणजे लिंबू-मिरची घालून मळलेल्या बटाट्याचा थर, त्यात चिकनऐवजी ॲव्होकाडो भरून मागा. ‘चोक्लो कोन केसो’, टपोऱ्या दाण्यांचा मका आणि चीज. आणि अगदी अडलं तर ‘चिफा’, म्हणजे तिथलं चिनी-पेरूवी हॉटेल. प्रत्येक वस्तीत एक सापडतं आणि भाज्या घातलेला भात करून देतात. दारू नको असेल तर ‘चिचा मोरादा’ मागवा. जांभळ्या मक्याचं गोड पेय आहे, आणि तो पेला उंचावून ‘सालूद’ म्हटलं की पुरे.

दुसरे जेवत असताना टेबलाजवळून जाताना, किंवा उठताना, ‘प्रोवेचो’ म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवलात तरी माणसं वळून बघतात.

पैसे बोलावणारा देतो. तुम्ही बोलावलं असेल तर बिल टेबलावर येऊ देऊ नका, आधीच उठून देऊन या.

## टप्पा ७: ‘हो’ कधी हो असतं

तोंडावर ‘नाही’ म्हणणं तिथे असभ्य मानतात. आपल्याकडेही “बघू, कळवतो” म्हणतातच की. म्हणून शब्द नीट ओळखा.

‘या, या, या’: फोनवर सतत ऐकू येईल. तो आपला ‘हं, हं’ आहे. ऐकतोय इतकंच, मान्य असं नाही.

‘आओरिता’: शब्दशः ‘आत्ताच’. प्रत्यक्षात पाच मिनिटं, दोन तास किंवा कधीच नाही.

‘वामोस आ वेर’, बघू या: दहातले आठ वेळा नकार.

‘दे तोदास मानेरास’, काही झालं तरी नक्की: मनापासून म्हटलेलं असतं, पण तारखेशिवाय त्याला वजन नाही.

आणि ‘फ्लोरो’ हा त्यांचाच शब्द, गोड बोलून वेळ मारून नेण्यासाठी. तुमच्याकडून फार स्तुती झाली तर तुमच्याविषयीही तोच वापरतील.

उपाय एकच. निघताना तोंडी उजळणी करा: “म्हणजे आपलं असं ठरलं…” स्पॅनिशमध्ये ‘केदामोस एन के…’. कोण, काय, कोणत्या तारखेला. त्याच संध्याकाळी तेच तीन-चार ओळींत व्हॉट्सॲपवर आणि ई-मेलवर पाठवा. उत्तरात तारीख आली तर गाडी पुढे सरकली. नुसता अंगठा आला तर अजून तिथेच आहात.

आणखी एक विचारायचं: “हे अजून कुणाला दाखवायला हवं?” पुष्कळ कंपन्या कुटुंबाच्या आहेत. समोरचा व्यवस्थापक मनापासून हो म्हणतो, पण निर्णय सासरे किंवा थोरला भाऊ घेतो. दुसऱ्या भेटीत त्यांना गाठायचं.

## टप्पा ८: दर सांगताना

कोटेशन इथे, आता, याच्या आधी नाही. डॉलरमध्ये सांगा. त्यांच्या डोक्यात १८ टक्के विक्रीकर धरलेला असतो, त्यामुळे तुमचा दर कुठपर्यंतचा आहे, लिमाच्या काय्याओ बंदरापर्यंत की मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत, ते स्पष्ट लिहा.

घासाघीस होणार. ‘देस्कुएन्तितो’, म्हणजे छोटीशी सूट, सहीच्या आदल्या क्षणीही मागतील. इथे माझा ठाम सल्ला आहे: दर पाडू नका, ‘यापा’ द्या. यापा हा मूळ केचुआ या डोंगराळ भागातल्या भाषेतला शब्द. बाजारात वजन झाल्यावर भाजीवाली वरून चार मिरच्या टाकते ना, ती यापा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती मिळते, आणि ती मिळणं म्हणजे नातं जुळल्याची खूण. यंत्र विकत असाल तर सुट्या भागांचा एक डबा, सूत असेल तर जादा सॅम्पल कोन, औषध असेल तर स्पॅनिश लेबलची छपाई तुमच्याकडून. दर एकदा पाडला की पुढच्या ऑर्डरला तिथूनच सुरुवात होते. यापा मात्र त्या दिवसापुरती असते आणि लक्षात राहते.

## टप्पा ९: लिमाच्या बाहेर आणि लिमातल्या गामार्रात

गामार्रा हा लिमातल्या ला व्हिक्तोरिया जिल्ह्यातला कापडबाजार, हजारो दुकानांचा. तिथे सूट-टाय घालून गेलात तर परके वाटाल. डोंगरातून येऊन इथे उभी राहिलेली माणसं आहेत. गाठोडं उचलणाऱ्या, ॲप्रन बांधलेल्या बाई मालकीण असू शकतात, म्हणून “मालकांना भेटायचंय” असं पहिल्या माणसाला म्हणू नका.

अशा बाजारात किंवा वर्कशॉपमध्ये सौदा ठरल्यावर बिअर निघते, आणि माणसं आठ असली तरी ग्लास एकच. घेरा करून उभं राहायचं. बाटली आणि ग्लास तुमच्याकडे येतो. हवी तेवढी ओतून घ्यायची, बाटली लगेच पुढच्याच्या हातात द्यायची, प्यायची, तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि रिकामा ग्लासही त्याच माणसाला द्यायचा. ग्लास हातात धरून गप्पा मारत बसलं की सगळा घेरा तुमच्यासाठी खोळंबतो. पीत नसाल तर घेऱ्यात शिरण्याआधीच औषधं चालू आहेत म्हणून सांगा आणि सोडा घेऊन सोबत उभे राहा. निघून जाऊ नका.

कुस्को हे डोंगरातलं शहर ३,४०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. विरळ हवेचा त्रास होतो, त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. उतरल्या दिवशी भेट ठेवू नका, एक पूर्ण दिवस सोडा. डोंगराळ गावात घोट घेण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडतात, ते पाचामामासाठी, धरणीमातेसाठी. तुम्हीही सांडा.

गावसमाजाशी व्यवहार असेल (किनवा धान्य, लोकर, खाणीजवळची जमीन), तर निर्णय ग्रामसभेत होतो. एकट्या प्रमुखाच्या ‘हो’वर खड्डे खणायला सुरुवात करू नका. तिथे ‘आयनी’ चालते. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. आपल्याकडची सावड हुबेहूब हीच. त्यामुळे गावाने तुमच्यासाठी काही केलं, तर फेड पैशांत न करता कामाने किंवा वस्तूने करायची, हे मराठी शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सावधान: कोकाची पानं आणि त्यांचा चहा पेरूमध्ये कायदेशीर आहे, हॉटेलातही देतात. पण चहाची एक पुडीसुद्धा बॅगेत टाकू नका. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान येतं.

## टप्पा १०: सही आणि शिक्का

सही करणाऱ्याला सही करायचा अधिकार आहे का, हे ‘सुनार्प’ या नोंदणी कार्यालयाच्या ‘विहेन्सिया दे पोदेर’ या दाखल्यावरून कळतं. ताजा दाखला मागा. ‘सरव्यवस्थापक’ हे कार्डावरचं पद पुरेसं नाही.

कोणत्याही कार्यालयात कागद देताना तो ‘मेसा दे पार्तेस’ या आवक खिडकीवर द्यायचा आणि दोन प्रती न्यायच्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेचा शिक्का मारून ती परत देतात, तिला ‘कार्गो’ म्हणतात. ही तुमची पोच. शिक्का उमटलाय का, तारीख वाचता येतेय का, खिडकीसमोरच पाहा. कार्गो नसेल तर तुम्ही तो कागद दिलाच नाही असं धरतात, आणि वाद घालून उपयोग होत नाही.

सावधान: सरकारी माणसाला भेटवस्तू नाही, मिठाईचा डबाही नाही. लाचेला तिथे ‘कोइमा’ म्हणतात. २०१६ च्या ३०४२४ क्रमांकाच्या कायद्याने, आणि नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी, लाचेसाठी कंपनीवरही थेट जबाबदारी येते. खासगी यजमानाच्या घरी जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. इथून नेलेली काजूकतली कुणालाही आवडते.

## टप्पा ११: परत आल्यावर

पोहोचल्याचा मेसेज, फोटो आणि ठरलेल्या चार ओळी पहिल्या दोन दिवसांत. मग दर दहा-बारा दिवसांनी काहीतरी ठोस पाठवा: सॅम्पल निघालं त्याची पावती, लेबलचा नमुना, चाचणीचा अहवाल. ‘एनी अपडेट?’ असं रोज विचारू नका. व्हॉइस नोट आली तर शक्यतो व्हॉइस नोटनेच उत्तर द्या, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्येही चालेल. माल अडकला, उशीर होणार असेल, तर त्यांनी विचारण्याआधी फोन करा. उशीर खपतो, लपवलेला उशीर खपत नाही.

आणि २८ जुलैला ‘फेलिसेस फिएस्तास पात्रिआस’ एवढाच मेसेज पाठवा. त्याला कोटेशन जोडू नका.